नागपूर–गोवा महामार्ग आणि कोल्हापूरची शेती



विदर्भांतील वर्धा जिल्ह्यांत धाम नदीच्या कांठीं पवनार नांवाचें गांव आहे. विनोबांच्या आश्रमामुळें तें सर्वांस ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या अगदीं दुसऱ्या टोकास, सिंधुदुर्ग जिल्हा संपून जेथें गोव्याची हद्द लागते, तेथें पत्रादेवी हें ठिकाण आहे. या दोन स्थळांस जोडणारा, सुमारें ८०२ किलोमीटर लांबीचा व सहापदरी असा द्रुतगति महामार्ग बांधण्याचा संकल्प महाराष्ट्र सरकारनें केला. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी व कोल्हापूरची अंबाबाई हीं तीन शक्तिपीठें या मार्गानें जोडलीं जावयाचीं, म्हणून त्यास 'शक्तिपीठ महामार्ग' असें नांव मिळालें. साडेतीन पीठांपैकीं राहिलेलें अर्धें पीठ म्हणजे वणीची सप्तशृंगी. तें नाशिक जिल्ह्यांत असल्यामुळें या वाटेवर येत नाहीं. वर्धा, यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली, कोल्हापूर व सिंधुदुर्ग अशा बारा जिल्ह्यांतून ही वाट आंखली गेली. नागपुराहून गोव्यास मोटारीनें जाण्यास लागणारे १८ तास ८ तासांवर येतील, असें सरकारचें सांगणें. खर्चाचा अंदाज ८६ हजार कोटि रुपयांच्या घरांत. २४ जून २०२५ रोजीं राज्याच्या मंत्रिमंडळानें या मार्गास मान्यता देऊन जमीन-संपादनादि कामांसाठीं २० हजार कोटींहून अधिक रकमेची तरतूद केली.

एवढ्या मोठ्या कामाची वार्ता ऐकून बारा जिल्ह्यांत निरनिराळे सूर उमटले. परंतु विरोधाचा सूर अतिशय तीव्र उमटला तो कोल्हापूर जिल्ह्यांतून. पहिल्या आंखणीप्रमाणें शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड व आजरा या सहा तालुक्यांतून हा मार्ग जावयाचा होता. जून २०२४ मध्यें कोल्हापुरांत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्यें, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, या जिल्ह्यापुरती जमीन-संपादनाची अधिसूचना सरकारनें रद्द केली. निवडणूक आटोपल्यावर मार्गाचा विचार पुन्हां सुरू झाला. मंत्रिमंडळाच्या मान्यतेस आठवडा होतो न होतो तोंच, १ जुलै २०२५ रोजीं, म्हणजे कृषिदिनीं, पंचगंगेच्या पुलापाशीं शेतकऱ्यांनीं पुणें–बंगळूर महामार्ग रोखून धरला. जिल्ह्यांतील कांहीं शेतकऱ्यांनीं मार्गास पाठिंबाही दर्शविला, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें आंखणींत फेरफार करण्याचीही भाषा झाली. आंखणीची रेषा कागदावर इकडची तिकडे सरकते. अमक्याचें शेत वांचतें आणि तमक्याचें जातें. त्या रेषेचा वाद येथें घालावयाचा नाहीं. ती कोठूनही गेली तरी जो प्रश्न उरतो, त्याचा विचार करावयाचा आहे. तो प्रश्न असा कीं, ज्या कोल्हापुरानें आजवर बहुतेक प्रत्येक नव्या वाटेचें स्वागत केलें, त्यानेंच या वाटेस दार कां लावावें?

कोल्हापूर आणि दूरच्या वाटा यांचें नातें फार जुनें आहे. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी म्हणून एक टेकडी आहे. १९४० ते १९५० या दशकांत तेथें उत्खनन झालें, तेव्हां सातवाहनकालीन वस्तीच्या अवशेषांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या कांशाच्या वस्तु सांपडल्या. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी मूर्ति होती. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयांत पाहावयास मिळते. देव समुद्राचा आणि त्याचा मुक्काम सह्याद्रीच्या पूर्वेस! कोंकणांतील बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून येथवर येत असे, याची ती मूर्ति साक्ष आहे. आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली या घाटवाटांनीं पुढेंही शतकानुशतकें मीठ, नारळ आणि सुपारी वर येत राहिली, व धान्य आणि गूळ खालीं जात राहिला.

आगगाडी आली तेव्हांही कोल्हापूर मागें राहिलें नाहीं. १८८८ सालीं, राज्याधिकार मिळण्यापूर्वींच, बालवयांतील शाहू महाराजांच्या हस्तें कोल्हापूरच्या लोहमार्गाची पहिली कुदळ मारली गेली, आणि १८९१ सालीं मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत गाडी धांवूं लागली. १८९५ सालीं महाराजांनीं स्टेशनाजवळ शाहूपुरीची पेठ वसविली. रूळ आधीं व पेठ मागाहून, हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. कारण त्या रुळांवरूनच येथल्या गुळास दूरची गिऱ्हाइकी मिळाली. पुढें पुणें–बंगळूर रस्ता रुंद झाला, तेव्हां त्याच्या दोहों बाजूंस शिरोली व गोकुळ शिरगांव येथें ओतशाळा आणि यंत्रांचे कारखाने उभे राहिले. कोंकणांत उतरणाऱ्या कोल्हापूर–वैभववाडी लोहमार्गाची मागणी तर या जिल्ह्यानें पिढ्यान् पिढ्या केली; २०१६ सालीं रेल्वेच्या अर्थसंकल्पांत त्यास स्थान मिळालें, परंतु वर्षांमागून वर्षें गेलीं तरी रूळ कांहीं पडले नाहींत. हा इतिहास पाहतां कोल्हापूरचा मनुष्य दळणवळणाचा वैरी आहे, असें कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं.

मग अडचण कोठें आहे? ती समजण्यासाठीं द्रुतगति मार्ग म्हणजे काय, हें प्रथम नीट पाहिलें पाहिजे. नेहमींचा रस्ता आणि हा मार्ग यांत रुंदीचाच भेद आहे असें पुष्कळांस वाटतें. पण खरा भेद निराळा आहे. नेहमींच्या रस्त्यास वाटेंतला प्रत्येक गांव येऊन मिळतो. त्यावर मोटार धांवते, तशीच सायकलही चालते. उसाची गाडी जाते, तशीच शाळेस निघालेलीं मुलेंही जातात. फाट्यावर चहाचें दुकान निघतें, त्याशेजारीं पंक्चर काढणारा बसतो, मग खतांचें दुकान येतें, आणि पांचदहा वर्षांत त्या फाट्याची पेठ होते. द्रुतगति मार्गाची रचना याच्या उलट. त्याच्या दोन्ही बाजूंस कुंपण असतें. आंत शिरण्याच्या व बाहेर पडण्याच्या जागा ठराविक आणि दूरदूर असतात. दुचाकी, बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांस तेथें मज्जाव असतो. गति हा त्या मार्गाचा प्राण आहे, आणि वाटेंतल्या गांवाशीं संबंध आला कीं गति मोडते. म्हणून गांवापासून अलिप्त राहणें हा त्याचा धर्मच आहे.

ही कल्पना नवी नाहीं. १९२४ सालीं इटलींत मिलान शहरापासून सरोवरांच्या प्रदेशाकडे केवळ मोटारींसाठीं असा पहिला मार्ग खुला झाला. जर्मनीनें पुढच्या दशकांत तीच कल्पना उचलली. अमेरिकेनें १९५६ सालीं कायदा करून देशभर असे मार्ग पसरले. महाराष्ट्रांत मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. त्याची लांबी सुमारें ९४ किलोमीटर. त्यानंतर मुंबई–नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग आला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं, आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. या मार्गांचे लाभ खरे आहेत. घाटांतला खोळंबा कमी होतो, नाशवंत माल वेळेवर पोहोंचतो, दूरच्या रुग्णास मोठ्या शहराचा दवाखाना जवळ येतो. मराठवाड्यांतील ज्या तालुक्यांच्या वांट्यास आजवर धड रस्ता आला नाहीं, तेथील लोकांस या नव्या मार्गाविषयीं आशा वाटली तर त्यांत नवल काय? त्यांच्या आशेस हंसणें हा अन्याय होईल.

परंतु जो मार्ग दोन टोकांच्या शहरांस पूल वाटतो, तोच मधल्या गांवास भिंत वाटण्याचा संभव असतो. ज्या गांवाचे मळे एका बाजूस आणि वस्ती दुसऱ्या बाजूस राहते, त्या गांवच्या मनुष्यास आपल्याच शेतास जाण्यासाठीं भुयारी मोरी गांठावी लागते. कोल्हापूरकडे शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेस पाणंद म्हणतात. पाणंद ही कोणत्याही नकाशांत ठळक रेषेनें दाखविलेली नसते, परंतु शेतकऱ्याचा सारा संसार तिच्यावरून ये-जा करतो. वैरण, शेणखत, उसाचें बेणें, दुधाच्या किटल्या, सारें तिच्यावरून. महामार्गाची आंखणी करणाऱ्याच्या दृष्टीनें पाणंद म्हणजे कांहींच नाहीं. पण ती तुटली कीं शंभर मीटरांवरचें शेत दोन किलोमीटर दूर जातें. उसाची मोळी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईस त्या दोन किलोमीटरांचा अर्थ कळतो.

आतां थोडें अंकगणित करूं. मार्गाची रुंदी सरासरी शंभर मीटर धरली, तर एका किलोमीटरास एक लक्ष चौरस मीटर, म्हणजे दहा हेक्टर, म्हणजे जवळजवळ पंचवीस एकर जमीन लागते. गुंठ्यांत सांगावयाचें तर सुमारें एक हजार गुंठे. (समृद्धि महामार्गासाठीं सपाट प्रदेशांत १२० मीटरांचा पट्टा घेतला गेला; तेव्हां शंभर ही संख्या कांहीं फुगविलेली नाहीं.) कोल्हापूर जिल्ह्यांत शेतकऱ्याची सरासरी जमीन एक हेक्टराहूनही कमी आहे. याचा अर्थ असा कीं, एका किलोमीटरच्या पट्ट्यांत निदान दहा कुटुंबांची संपूर्ण जमीन, किंवा तीसचाळीस कुटुंबांच्या जमिनीचा मोठा लचका जातो. विदर्भांत वीस एकरांच्या धन्याचे दोन एकर गेले तर अठरा उरतात. शिरोळ किंवा कागल तालुक्यांत तीस गुंठ्यांच्या धन्याचे वीस गुंठे गेले, तर उरलेल्या दहा गुंठ्यांवर बैलजोडीही पोसत नाहीं आणि मनुष्यही जगत नाहीं. रस्ता एकच, रुंदी एकच. पण त्याचें ओझें सर्वांच्या खांद्यावर सारखें पडत नाहीं.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. कोल्हापूरची बागाईत जमीन ही सर्वस्वी निसर्गानें दिलेली नाहीं. ती माणसांनीं घडविलेली आहे. १९०७ च्या सुमारास शाहू महाराजांनीं भोगावती नदीवर राधानगरी येथें मोठें धरण बांधण्याची योजना आंखली. पैसा अपुरा पडला, मध्यंतरीं महायुद्ध आलें, १९२२ सालीं महाराज निवर्तले, आणि तें धरण पुरें होण्यास स्वातंत्र्यानंतरचें पहिलें दशक उजाडावें लागलें. एका संस्थानाच्या दोन-तीन पिढ्यांची चिकाटी त्या भिंतींत आहे. त्या धरणाचें पाणी नदींत सोडावयाचें, नदीवर ठिकठिकाणीं फळ्या घालून अडवावयाचें, आणि कांठच्या शेतांनीं तें उचलून घ्यावयाचें, ही पद्धति येथें इतकी रुजली कीं, त्या बंधाऱ्यास साऱ्या महाराष्ट्रांत 'कोल्हापुरी बंधारा' असेंच नांव पडलें.

नदींतलें पाणी उंचावरच्या माळास पोहोंचावें म्हणून शेतकऱ्यांनीं सहकारी उपसा योजना काढल्या. नदीच्या कांठीं जॅकवेल, तेथें विजेचे पंप, तेथून मैलोगणती जमिनीखालून गेलेले नळ, माळावर वांटणीचा हौद, आणि हौदांतून शेताशेताकडे जाणाऱ्या शाखा, असा त्या योजनेचा सांगाडा असतो. त्यासाठीं सभासदांनीं जमिनी तारण ठेवून कर्जें काढलीं व वर्षानुवर्षें उसाच्या बिलांतून हप्ते कापून देऊन तीं फेडलीं. अशा योजनेच्या क्षेत्रांतून शंभर मीटरांचा पट्टा आडवा गेला, तर काय होतें? पट्ट्याखालच्या शेतकऱ्याची जमीन जाते हें उघड दिसतें व त्याची भरपाई होते. पण नळ तुटल्यामुळें पलीकडच्या शेतकऱ्याचें पाणी जातें. त्याचा एक गुंठाही सरकारनें घेतलेला नसतो. म्हणून भरपाईच्या कागदांत त्याचें नांवच नसतें. शिवाय सभासद कमी झाले म्हणून विजेचें बिल कमी होत नाहीं. तें उरलेल्यांच्या अंगावर पडतें. रस्त्याखालीं गेलेली जमीन मोजतां येते. रस्त्यामुळें कोरडी पडलेली जमीन कोणीच मोजीत नाहीं. येथला शेतकरी मोबदल्याचा आंकडा ऐकूनही गप्प बसत नाहीं, याचें एक मोठें कारण हें आहे.

मोबदल्याचाही विचार केला पाहिजे. इंग्रजी अमलांत १८९४ सालीं झालेला जमीन-संपादनाचा कायदा शंभराहून अधिक वर्षें चालला. त्याच्या जागीं २०१३ सालीं नवा कायदा झाला व १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आला. त्यानें दोन गोष्टी मोठ्या केल्या. एक, ग्रामीण भागांत बाजारभावास गुणक लावून वर तितकीच दिलासा-रक्कम देण्याची तरतूद केली. त्यामुळें मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊं शकतो. दुसरी, जमीन घेण्यापूर्वीं त्या भागाच्या समाजजीवनावर काय परिणाम होईल, याची पाहणी करावी, असें बंधन घातलें. परंतु राज्यांतील महामार्गांसाठीं १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखालीं जमीन घेतां येते, आणि २०१८ सालीं राज्यानें केलेल्या दुरुस्तीप्रमाणें अशा संपादनास २०१३ च्या कायद्यांतील मोबदला लागू राहतो, पण सामाजिक परिणामांच्या पाहणीची सक्ति राहत नाहीं. म्हणजे किंमत देण्याची पायरी राहिली. विचारण्याची पायरी मात्र गळाली.

किंमतीचें तरी काय? बाजारभाव ठरतो तो पूर्वींच्या खरेदीखतांवरून. नदीकांठची मळीची जमीन सहसा कोणी विकत नाहीं. क्वचित् विकली गेली तर खतांत आंकडा कमी लिहिण्याची रीत सर्वश्रुत आहे. तेव्हां चौपट कशाची, हा प्रश्न राहतोच. मोठी रक्कम हातीं आली तरी तेवढीच जमीन पुन्हां मिळेल, अशी खात्री नसते. कारण एकाच वेळीं शेंकडों लोक मोबदल्याचे पैसे घेऊन शेजारच्या गांवांत जमीन शोधूं लागले कीं भाव वाढतात, आणि बागाईत विकणारा तर कोणी पुढें येतच नाहीं. पैसा भावाभावांत वांटला जातो, घराच्या स्लॅबांत मुरतो, लग्नांत खर्च होतो. शेत दरवर्षीं पिकतें. पैसा एकदांच येतो. शेतकऱ्याच्या घरांतील म्हाताऱ्या माणसांस हा फरक पुस्तकावांचून ठाऊक असतो.

आतां पाण्याची दुसरी बाजू पाहूं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा झाली, असें परंपरा सांगते. ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. शिरोळ तालुका तर कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचा तालुका आहे. येथला प्रदेश सपाट. पूर आला म्हणजे नदी पात्र सोडून मैल मैल पसरते, आणि पसरावयास जागा मिळते म्हणूनच पाण्याचा जोर ओसरतो. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशाऱ्याची व ४३ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २००५ च्या महापुरानें जिल्ह्यास प्रथम हादरा दिला. त्यानंतर २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत तेथें पाणी ५५ फुटांच्या वर चढलें. दोन्ही वेळीं शिरोलीजवळ पुणें–बंगळूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली. मालमोटारींच्या रांगा लागल्या, आणि शहरास दूध, भाजी व पेट्रोल मिळणें कठीण झालें.

त्या वेळेपासून येथल्या लोकांच्या मुखीं 'भराव' हा शब्द बसला आहे. रस्ता पुराच्या वर राहावा म्हणून मातीचा उंच बांध घालतात, त्यास भराव म्हणतात. मोऱ्या थोड्या व अरुंद ठेवल्या, तर तोच भराव पाण्यास धरणासारखा अडवितो. वरच्या बाजूचीं गांवें अधिक दिवस पाण्यांत राहतात. रस्ता कोरडा राहतो, पण घरें बुडतात. असा एक भराव असतांना पूरपट्ट्यांतून दुसरा, त्याहून रुंद व उंच भराव येणार म्हटल्यावर लोकांच्या छातींत धडकी भरली, तर त्यास अडाणीपणा म्हणतां येणार नाहीं. भरावाऐवजीं खांबांवर पूल बांधला तर पाण्यास वाट राहते. खर्च मात्र पुष्कळ वाढतो. तो खर्च प्रथमपासून अंदाजपत्रकांत धरला आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार पुरांत ज्याचें घर बुडालें त्यास निश्चित आहे.

पुढें भुदरगड–आजऱ्याकडून वाट सह्याद्रींत शिरते. तेथें अरण्य आहे, उतार आहेत, आणि पावसाळ्यांत ढांसळणाऱ्या दरडी आहेत. पश्चिम घाटांतील निवडक अरण्यांस २०१२ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत राधानगरीचें गव्यांचें अभयारण्य आहे. डोंगर पोखरून बोगदे करतां येतात. परंतु डोंगराच्या पोटांतले झरे कोणीकडे वळतील, हें सांगणें सोपें नसतें, आणि या जिल्ह्यांतील नद्या त्याच झऱ्यांवर उभ्या आहेत.

येथें कोणी म्हणेल, "तर मग नागपूर आणि कोल्हापूर कधींच जोडूं नयेत काय?" पण तीं जोडलेलीं आहेत. रत्नागिरीहून निघून आंबा घाटानें कोल्हापूर, मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ आणि वर्धा या वाटेनें नागपुरास जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. नव्या मार्गानें ज्या शहरांस जोडावयाचें, त्यांपैकीं पुष्कळ शहरें याच वाटेवर किंवा तिच्या जवळपास आहेत. त्याचें रुंदीकरण बहुतेक ठिकाणीं झालें. पण कोल्हापूर जिल्ह्यांतच चोकाक ते अंकली हा टप्पा चौपट मोबदल्याच्या वादांत वर्षानुवर्षें अडून राहिला. पुणें–बंगळूर मार्गावर सातारा ते कागल या टप्प्याचें सहापदरी काम असेंच रेंगाळलें. कोल्हापूरचा गूळ मुख्यतः गुजरातेकडे जातो. येथल्या यंत्रांचे सुटे भाग पुण्याकडे जातात. दूध मुंबईस जातें. म्हणजे या जिल्ह्याच्या व्यापाराचें तोंड उत्तरेकडे व पश्चिमेकडे आहे. ज्या वाटांवर त्याचें रोजचें पोट आहे त्या अपुऱ्या राहाव्या, आणि जिकडे त्याचें जाणें विरळ आहे तिकडे सहा पदरांची वाट त्याच्याच शेतांतून जावी, हें त्यास पटत नाहीं. घराचें गळतें छप्पर न शाकारतां नवा दिवाणखाना काढणाऱ्या यजमानास शेजारी काय म्हणतील, तेंच तो म्हणतो.

देवीच्या नांवाविषयींही एक शब्द. महाराष्ट्रांत तीर्थयात्रा ही मोठी गोष्ट आहे. पंढरीची वारी पायीं चालते. जोतिबाच्या चैत्री यात्रेस सासनकाठ्या खांद्यावर घेऊन लोक येतात. यात्रेकरूस वाट हवी, हें खरेंच. पण त्याची वाट गांवागांवांतून जाते. कोठें पाणी मिळतें, कोठें भाकरी मिळते, कोठें देवळाच्या ओवरींत रात्र काढतां येते. वाटेवरच्या लोकांनीं केलेल्या या आतिथ्यावर आपल्या यात्रा उभ्या आहेत. देवीचें नांव घेतलेल्या वाटेनें तिच्याच लेकरांच्या ताटांतला घास घेतला जाऊं नये, एवढें पाहिलें तर त्या नांवाची शोभा राहील.

मग करावें काय? रस्ता हवा कीं नको, असा एका शब्दांत प्रश्न टाकला कीं वाद होतो, विचार होत नाहीं. प्रश्नांचा क्रम नीट लावला पाहिजे. पहिला प्रश्न गरजेचा: कोणत्या दोन ठिकाणांमध्यें, किती माल आणि किती माणसें, आज कोणत्या अडचणीमुळें खोळंबतात? दुसरा पर्यायाचा: असलेला रस्ता पूर्ण केल्यानें ती अडचण किती दूर होते? या दोहोंचीं उत्तरें आंकड्यांनिशीं ग्रामसभेपुढें मराठींत मांडावीं. तीं मांडूनही नवी वाट अवश्य ठरली, तर तिसरा प्रश्न मार्गाचा: नदीची मळी आणि उपशाचें क्षेत्र टाळून, शक्य तेथें जिराईत माळावरून, आणि पूरपट्ट्यांत भरावाऐवजीं खांबांवरून ती कशी नेतां येईल? पुराचें गणित सरासरी पावसावर न करतां २०१९ व २०२१ च्या पातळीवर करावें. प्रत्येक पाणंदीस मोरी आणि प्रत्येक नळास वाट ठेवावी. चौथा प्रश्न मोबदल्याचा. आणि त्यांत ज्याची जमीन गेली त्याच्याबरोबर ज्याचें पाणी गेलें त्याचेंही नांव असावें. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा लागतो. रेषा आधीं, मोजणी मग, किंमत त्यानंतर, आणि गरजेचा विचार सर्वांच्या शेवटीं, तोही लोक रस्त्यावर आल्यावर.

राधानगरीच्या धरणाचें उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. तें काम मोठें होतें, खर्चाचें होतें, त्यालाही जमीन लागली आणि काळ तर फारच लागला. तरीही कोल्हापूरचा शेतकरी त्याचें नांव आजही आदरानें घेतो. कारण त्या कामाचा लाभ त्याच्या बांधापर्यंत आला. मोठ्या कामास लोकांचा विरोध असतो, असें सरसकट म्हणणें म्हणूनच बरोबर नाहीं. आपल्या बांधावरून जाणारें काम आपल्या बांधाशीं थांबतही नाहीं आणि बोलतही नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें आहे. तासांची बचत करणाऱ्यांनीं तें ऐकून घेण्यासाठीं कांहीं महिने खर्च केले, तर त्यांत राज्याचें नुकसान होणार नाहीं. डांबर एकदां पडल्यावर तें उकरून पुन्हां शेत करतां येत नाहीं, आणि मळीची जमीन कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं.